वेड्यांच्या इस्पितळांची स्थळसाक्ष व करवीरच्या इतिहासांतील एक प्रश्न

करवीर नगरींतील शिवाजी पेठेंत राहणाऱ्या माणसास पुरातत्त्वाचा पहिला धडा पावसाळ्यांत मिळतो. गांधी मैदानावर पाणी तुंबलें म्हणजे नवखा मनुष्य गटारांस दोष देतो. जुना पेठकर मात्र शांतपणें सांगतो कीं, हें वरुणतीर्थ आहे. तळें बुजून त्याचें मैदान झालें, नांव बदललें, तळें पाहिलेलीं माणसेंही निवर्तलीं; परंतु पाणी आपली जागा विसरलेलें नाहीं. कागदावरून पुसलें गेलेलें स्थळ जमिनींत शिल्लक राहतें, आणि तें वाचतां आलें तर कागदांहून निराळें असें कांहीं सांगतें.

हाच धडा एका उपेक्षित विषयास लावून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. तो विषय म्हणजे वेड्यांचीं जुनीं इस्पितळें, आणि वेडे ठरविलेल्या माणसांस जेथें ठेवण्यांत आलें अशीं इतर स्थळें. आमचे संशोधक ताम्रपटांसाठीं रानोमाळ हिंडले, मोडी रुमालांसाठीं वाड्यांचे माळे धुंडाळले, किल्ल्यांचे बुरूज मोजले. परंतु वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतीशीं कोणी मोजपट्टी घेऊन गेल्याचें क्वचितच ऐकिवांत येतें. विषय अशुभ वाटतो, हें एक कारण. आणि तेथें इतिहास असा कांहीं घडलाच नाहीं असा समज, हें दुसरें. हा दुसरा समज निदान करवीरकरांनीं तरी बाळगूं नये. आमच्या गादीच्या इतिहासांतील एक अत्यंत क्लेशदायक प्रकरण याच विषयाशीं निगडित आहे. त्याकडे पुढें वळूं. तत्पूर्वीं साधनांचा विचार अवश्य आहे.

१. शास्त्रांतील उन्मत्त

चरकसंहितेंत निदानस्थानाचा सातवा व चिकित्सास्थानाचा नववा अध्याय उन्मादास वाहिलेला आहे. चरक उन्मादाचे वातज, पित्तज, कफज, सांनिपातिक व आगंतु असे पांच प्रकार मानतो. सुश्रुत उत्तरतंत्रांत सहा सांगतो, व त्यांत मानसिक दुःखापासून होणारा आणि विषापासून होणारा उन्माद वेगळा काढतो. स्थळसंशोधकाच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग चिकित्सेंत आहे. अनावर झालेल्या रोग्यास घट्ट पण सुखद पट्ट्यांनीं आवरावें, आणि लोखंड, लांकूड इत्यादि वस्तु काढून टाकलेल्या अंधाऱ्या खोलींत ठेवावें, असा एक उपाय चरकानें सांगितला आहे. पट्टा सुखद कां, तर रोग्यास इजा होऊं नये; खोलींत लोखंड कां नको, तर त्यानें स्वतःस मारून घेऊं नये. कोंडणें आणि जपणें हीं दोन्ही एकाच खोलींत कशीं एकत्र येतात, हें या एका विधानावरून दिसतें. एकोणिसाव्या शतकांतील कोणतीही कोठडी पाहतांना हाच प्रश्न विचारावयाचा आहे: ही खोली जपण्यासाठीं बांधली, कीं कोंडण्यासाठीं?

वैद्याच्या दृष्टीनें उन्मत्त हा रोगी होय. व्यवहारशास्त्राच्या दृष्टीनें तो अधिकार गमावलेला मनुष्य होय. याज्ञवल्क्यस्मृतींत दायविभागाच्या प्रकरणीं उन्मत्तास क्लीब, पतित, पंगु, अंध इत्यादिकांबरोबर अंशास अनधिकारी ठरविलें आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतही तसेंच आहे. मात्र अशांचें भरणपोषण केलेंच पाहिजे, अशी आज्ञा तेथेंच आहे. मिताक्षराकार विज्ञानेश्वर आणखी एक पाऊल पुढें जातो: विभागणीनंतर औषधादि उपायांनीं दोष नाहींसा झाला तर त्यास भाग मिळतो. याचा अर्थ असा कीं, एखाद्यास उन्मत्त म्हणणें ही केवळ वैद्यकीय गोष्ट कधींच नव्हती. त्यामागें घर, शेत, वतन, प्रसंगीं राज्यही असे. म्हणून ज्या स्थळीं त्यास ठेवलें त्या स्थळाची साक्ष घेतल्यावांचून केवळ त्याच्यावरील शेऱ्यावर विसंबणें धोक्याचें आहे.

२. मुंबई इलाख्यांतील इस्पितळें व त्यांचीं दफ्तरें

सन १८५८ च्या छत्तिसाव्या कायद्यानें या इस्पितळांस निश्चित रूप आलें. पोलिसांनीं रस्त्यावर भटकणारा अथवा धोकादायक वेडा पकडून मॅजिस्ट्रेटापुढें न्यावा, डॉक्टरचा दाखला घ्यावा व मॅजिस्ट्रेटानें त्यास इस्पितळांत धाडावें, असा क्रम ठरला. मुंबई इलाख्यांत कुलाबा, पुणें, धारवाड, अहमदाबाद, सिंधांतील हैदराबाद इत्यादि ठिकाणीं अशीं इस्पितळें होतीं. रत्नागिरीचें इस्पितळ १८८६ मधील. ठाण्याजवळ नौपाडा येथें शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या नांवाचें इस्पितळ १९०१ च्या सुमारास उघडलें. कुलाब्याचें जुनें इस्पितळ १९१५ च्या सुमारास पुण्याजवळ येरवड्यास हलविण्यांत आलें. मध्यप्रांतांतील नागपूरचें इस्पितळ १८६४ चें. आज महाराष्ट्र शासनाचीं प्रादेशिक मनोरुग्णालयें येरवडा, ठाणें, नागपूर व रत्नागिरी या चारच ठिकाणीं आहेत. म्हणजे कुलाब्याची जागा गेली, तरी जुन्या परंपरेचीं चार स्थळें अद्यापि नांदतीं आहेत.

या इस्पितळांचे वार्षिक अहवाल छापलेले आहेत, व त्यांच्या आधारें सारा ॲन पिंटो यांनीं मुंबई इलाख्यांतील वेड्यांच्या इस्पितळांवर २०१८ मध्यें स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध केला आहे. परंतु दफ्तर वाचणाऱ्यानें एक जुना इशारा विसरूं नये. सन १८९३-९४ मध्यें हिंदुस्थान सरकारनें गांजा, भांग, चरस यांच्या चौकशीसाठीं एक कमिशन नेमलें. गांजानें माणसें वेडीं होतात या समजास मुख्य आधार इस्पितळांच्या नोंदवह्यांचा होता. कमिशननें त्या नोंदींचा मागोवा घेतला, तेव्हां असें आढळलें कीं, वेडाचें कारण म्हणून "गांजा" हा शब्द पुष्कळदां रोग्याबरोबर आलेल्या पोलिसी कागदावरून जसाच्या तसा उतरविलेला होता. डॉक्टरच्या वहींत होतें म्हणून तें डॉक्टरचें मत, असें म्हणण्यास आधार नव्हता. मोडी पत्राच्या नकलेवर विसंबून मूळ पत्र न पाहणारा संशोधक जी चूक करतो, तीच चूक सरकारी आंकड्यांनीं वर्षानुवर्षें केली होती.

३. परदेशांतील स्थळशोध

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अशा स्थळांचें पुरातत्त्व इतर देशांत बरेंच पुढें गेलें आहे. त्यांतील कांहीं उदाहरणें आमच्या कामास मार्गदर्शक होतील.

सुझन पिडक या विदुषीनें २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत इंग्लंड, दक्षिण ऑस्ट्रेलिया व टास्मानिया येथील एकोणिसाव्या शतकांतील वेडगृहांचा अभ्यास केला. तिची पद्धति सोपी व कडक आहे. जॉन कॉनोली या डॉक्टरनें १८४७ मध्यें आदर्श इस्पितळ कसें असावें, याविषयीं पुस्तक लिहिलें होतें. अशा लेखनांतील आदर्श एका बाजूस मांडावयाचा, प्रत्यक्ष बांधलेल्या इमारतीचीं मापें दुसऱ्या बाजूस, आणि दोहोंतील अंतर नोंदवावयाचें. व्हरांडा सांगितला होता, बांधला काय? दिवसाची व रात्रीची खोली वेगळी होती काय? अहवालांत "प्रशस्त" म्हटलेली खोली किती हात होती? शब्द व भिंत यांमधील हें अंतर हाच तिच्या मतें खरा पुरावा.

सिडनी येथील हाइड पार्क बराक्स ही इमारत १८१९ मध्यें कैद्यांसाठीं पुरी झाली. पुढें १८६२ पासून १८८६ पर्यंत तिच्यांत निराधार व दुर्बळ स्त्रियांचें आश्रयस्थान होतें. तें वेडगृह नव्हे, परंतु त्याच जातीचें बंदिस्त घर होय. तेथें फरशीच्या फळ्यांखालीं कापडाचे तुकडे, सुया, कागद, जपमाळांचे मणी अशा असंख्य वस्तु सांपडल्या. फटींतून पडलेल्या व उंदरांनीं ओढून नेलेल्या त्या वस्तूंनीं, ज्या स्त्रियांचें दफ्तरांत केवळ नांव आहे त्यांचे हात काय करीत होते, हें सांगितलें.

लंडनचें उदाहरण सावधगिरीचें आहे. बेथलेम हें तेथील सर्वांत जुनें वेड्यांचें इस्पितळ. त्याच्या "बेडलम" या अपभ्रंशाचा इंग्रजींत अर्थच गोंधळ असा झाला. २०१५ च्या सुमारास नव्या रेल्वेसाठीं लिव्हरपूल स्ट्रीट येथें उत्खनन झालें, तेव्हां "बेडलम" नांवानें ओळखल्या जाणाऱ्या दफनभूमींतून तीन हजारांहून अधिक सांगाडे निघाले. नांवावरून ते वेड्यांचे असें कोणासही वाटावें. वस्तुतः ती १५६९ मध्यें उघडलेली शहराची सर्वसाधारण दफनभूमि होती. इस्पितळाच्या जमिनीवर असल्यामुळें तिला तें नांव पडलें. स्थळनामावरून निष्कर्ष काढण्याची आमची आवड येथें आवरती घ्यावी लागते.

अमेरिकेंत मिसिसिपी संस्थानच्या जॅक्सन शहरीं १८५५ ते १९३५ पर्यंत सरकारी वेडगृह होतें. २०१२ मध्यें त्या जागेवरील वैद्यकीय विद्यापीठांत रस्ता करतांना ६६ शवपेट्या निघाल्या. पुढील पाहणींत सुमारें ७००० दफनें असावींत असा अंदाज झाला. तेथील मृतांच्या वंशजांस शोधून, त्यांच्या संमतीनें काम करण्याची रीति संशोधकांनीं पाडली आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील विलार्ड येथील इस्पितळ १९९५ मध्यें बंद होतांना माळ्यावर रोग्यांच्या चारशेंहून अधिक पेट्या सांपडल्या. येतांना आणलेलें सामान त्यांत तसेंच होतें. माळा पाहिल्यावांचून इमारत सोडूं नये, हें आमच्या हस्तलिखित-संग्राहकांस निराळें सांगावयास नको.

४. ब्रह्मपुरीचा दाखला

हें सर्व परदेशींचें झालें. पण पद्धति आम्हांस नवीन नाहीं. पंचगंगेच्या तीरावरील ब्रह्मपुरीच्या टेकाडावर प्रथम प्रा. कुंदनगार यांनीं शोध केला, व १९४५-४६ मध्यें डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं थरांची शिस्त पाळून उत्खनन केलें. सातवाहनकालीन विटांचीं घरें खालीं, बहामनीकालीन वस्ती वर, आणि प्रत्येक मणी, बांगडी, नाणें कोणत्या थरांत होतें याची नोंद, यामुळें त्या टेकाडास इतिहास प्राप्त झाला. रोमन धाटणीची पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ति टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत पाहून आपण हर्षित होतों. परंतु तिचें मोल ती कोठें व कशाबरोबर सांपडली यांत आहे. तीच मूर्ति जुन्या बाजारांत मिळती, तर ती केवळ शोभेची वस्तु ठरती.

इमारतीसही थर असतात. भिंतीवरील चुन्याचे लेप, बुजविलेलें दार, मागाहून चढविलेले गज, कापून काढलेली कडी, हे सर्व थरच होत. कडी दाराच्या आंत आहे कीं बाहेर, खिडकीचा उंबरा जमिनीपासून किती उंच आहे, मोरी खोलींत आहे कीं ओवरींत, पहारेकऱ्याच्या जागेवरून कोणती दारें दिसतात, या साध्या मापांनीं जें कळतें तें पन्नास वार्षिक अहवालांनीं कळत नाहीं.

५. करवीरचा प्रश्न

आतां मूळ प्रकरणाकडे येऊं. छत्रपति राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स येथें निवर्तले. त्यांच्यामागें १८७१ मध्यें दत्तक घेतलेले शिवाजी महाराज (चौथे) हे त्या वेळीं आठ वर्षांचे होते. वयांत येतां येतां त्यांच्या चित्ताची स्थिति बिघडली असें राज्यकारभाऱ्यांचें व इंग्रज अधिकाऱ्यांचें म्हणणें पडलें. उलट, महाराजांचा छळ होत आहे असें पुण्याच्या केसरी व मराठा या पत्रांनीं मांडलें. कारभारी माधवराव बर्वे यांनीं फिर्याद केली. ज्या पत्रांवर लेखांचा आधार होता तीं बनावट ठरलीं. आणि जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकीं एकशेंएक दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले. त्याच वर्षीं कागलकर जयसिंगराव घाटगे यांच्याकडे रीजंटपद देण्यांत आलें. १८८३ मध्यें महाराजांस अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें नेण्यांत आलें, व २५ डिसेंबर १८८३ रोजीं ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस. पुढें १७ मार्च १८८४ रोजीं शाहू महाराज दत्तक आले.

या प्रकरणीं गेलीं सव्वाशेंहून अधिक वर्षें दोन अनुमानें चालत आलीं आहेत. पत्रें बनावट ठरलीं, म्हणून छळ झालाच नाहीं, हें एक. महाराज शिपायाच्या हातून गेले, म्हणून ते वेडे नव्हतेच, हें दुसरें. न्यायशास्त्राच्या भाषेंत दोन्ही हेत्वाभास आहेत. साक्षीदार खोटा ठरल्यानें घडलेली गोष्ट न घडलेली होत नाहीं. आणि ज्याचा छळ झाला तो निरोगीच असला पाहिजे असाही नियम नाहीं. रोगी मनुष्याचाही छळ होऊं शकतो. किंबहुना त्याचा अधिक सहज होतो, कारण त्याच्या शब्दास किंमत उरत नाहीं.

म्हणून प्रश्न दोन आहेत, व ते वेगळे ठेवले पाहिजेत. महाराज उन्मत्त होते काय, हा पहिला. तो वैद्याचा प्रश्न आहे. आणि ज्याची नाडी पाहणें आतां शक्य नाहीं, त्याच्याविषयीं पक्षपाती कागदांवरून निदान करूं नये, हेंच शहाणपणाचें. त्यांस कसें ठेवलें होतें, हा दुसरा. हा प्रश्न मात्र स्थळाचा आहे, आणि स्थळ अद्यापि उभें आहे. १८५८ च्या कायद्यानें इस्पितळांत पाहणीसाठीं व्हिजिटर नेमण्याची तरतूद केली होती. रस्त्यावरून धरून आणलेल्या भिकाऱ्यासही निदान कागदावर हें संरक्षण होतें. छत्रपतींस कोणत्याही इस्पितळांत न ठेवतां लष्करी ठाण्याच्या गांवीं, गोऱ्या शिपायांच्या देखरेखीखालीं ठेवण्यांत आलें. राजाची अब्रू राखण्यासाठीं हें केलें, असें म्हणतां येईल; परंतु परिणाम असा झाला कीं, भिकाऱ्यास जो त्रयस्थ पाहणारा मिळे, तो राजास मिळाला नाहीं. याज्ञवल्क्यानें उन्मत्ताच्या पोषणाचा भार ज्यांच्यावर टाकला, ते आप्तही दूर राहिले. महाराज रोगी होते असें गृहीत धरलें तरी हा दोष उणा होत नाहीं, उलट वाढतो.

अहमदनगरच्या किल्ल्यांत १९४२ ते १९४५ पर्यंत पंडित नेहरू प्रभृति नेते स्थानबद्ध होते, व नेहरूंची खोली जपून ठेवण्यांत आली आहे. त्याच किल्ल्याचे व छावणीचे १८८३ च्या आसपासचे नकाशे, लष्करी बांधकामाच्या नोंदी आणि आजच्या इमारतींचीं मापें एकत्र करून महाराजांच्या निवासाचा आराखडा तयार करणें, हें कोल्हापूरच्या संशोधकांचें कर्तव्य आहे. खोलीची लांबीरुंदी, पहाऱ्याची जागा, दाराची कडी, बाहेर पडण्याची वाट, एवढें निश्चित झालें तरी वादाचा अर्धा भाग मिटेल.

६. काय करावें

रत्नागिरी, ठाणें, येरवडा व नागपूर येथील मूळ इमारती आतां शतायु झाल्या आहेत. सन १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यांतील शंभर वर्षांची अट त्या पुऱ्या करतात. तथापि अट पुरी होणें वेगळें व संरक्षण मिळणें वेगळें. ठाणें व मुलुंड यांमधील नव्या रेल्वे स्थानकासाठीं ठाण्याच्या इस्पितळाच्या जमिनीचा कांहीं भाग देण्यांत आला आहे. लोकांस स्थानक हवें, याविषयीं वाद नाहीं. लंडनसही रेल्वे हवी होती. परंतु तेथें कुदळीबरोबर पुरातत्त्वज्ञ उभा होता. आमच्याकडेही जुनी भिंत पाडण्यापूर्वीं तिचें मोजमाप व छायाचित्र घेण्यास खर्च थोडा, व लाभ कायमचा आहे.

रोग्यांच्या नांवांविषयीं मात्र संयम हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे; आणि कायदा नसता तरी कोणाच्या आजोबांचें वेड छापून आपण विद्वान ठरत नाहीं. राजांचें प्रकरण सार्वजनिक इतिहासाचें आहे. सामान्य माणसाचें नांव झांकून त्याची खोली तेवढी उघडावी.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति, आणि ती स्वतःची चूक सांगून. पुष्कळ वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकाच्या हातीं एका जुन्या घराण्याचा मोडी रुमाल आला. पानें विस्कळित वाटलीं, म्हणून शाळामास्तराच्या संवयीनें तीं तारीखवार लावलीं, दुमडी सरळ केल्या, मधले कोरे कागद व दोरे टाकून दिले. रुमाल सुरेख दिसूं लागला. पुढें कळलें कीं, त्या घरांतील एका वृद्ध स्त्रीस "भ्रमिष्ट" ठरवून मागील खोलींत ठेवलें होतें, व तो रुमाल तिच्याच खोलींतील कोनाड्यांतून निघाला होता. कोणतें पत्र तिनें वर ठेवलें होतें, कोणतें कोऱ्या कागदांत गुंडाळलें होतें, कोणतें दोऱ्यानें बांधलें होतें, हें सांगणारा एकच पुरावा होता. आणि तो आम्ही केरांत टाकला होता. पत्रें सर्व आहेत, वाचलींही आहेत. परंतु ती बाई त्यांतून गेली ती गेलीच.

म्हणून रुमाल उचलण्यापूर्वीं कोनाडा पाहावा, कोनाड्याची भिंत मोजावी, आणि दार कोणत्या बाजूनें लागतें हें टिपून ठेवावें. मग सावकाश अक्षर लावावें.